दहा मिनिटांचा फरक

चेम्सफर्डला मी दोन हिवाळे काढले. २००५ आणि २००६. ऑनसाइट! ऑनसाइट म्हटलं की इकडे पुण्यात आईच्या डोळ्यांपुढे बिग बेन आणि राणीचा राजवाडा. प्रत्यक्षात मला मिळालं ते लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनापासून तास-पाऊण तासावरचं, संध्याकाळी चिडीचूप होणारं एसेक्समधलं एक सभ्य गाव. मार्कोनीनं बिनतारी यंत्रांचा जगातला पहिला कारखाना तिथे काढला, ही गावाची फुशारकी. बाकी शनिवार-रविवार काय करायचं हा यक्षप्रश्न. कपडे धुतले, आठवड्याची भाजी करून डबे फ्रीजमध्ये टाकले, कॉलिंग कार्डवर सेकंद मोजत घरी बोललो, की झालं. चारच्या सुमारास अंधार.

म्हणून मी चालायला लागलो. बसनं माल्डनला जायचं (हो, ते चकत्या-चकत्यांचं महागडं मीठ मिळतं तेच माल्डन) आणि ब्लॅकवॉटर नावाच्या खाडीच्या बांधावरून पूर्वेकडे चालत सुटायचं. एका बाजूला चिखल आणि पक्षी, दुसऱ्या बाजूला सपाट शेतं. आपल्या कोकणातल्या खाडीची सर नाही, पण वारा तसाच. असाच चालत एकदा गोल्डहँगर नावाच्या खेड्यापर्यंत गेलो. परत आल्यावर घरमालकिणीला कौतुकानं सांगितलं. ही सत्तरीची बाई, एरवी हवामान आणि मांजर सोडून तिसरा विषय नाही. ती म्हणाली, "म्हणजे तू त्या वाटेनं गेलास. बँबरच्या."

मला काही कळेना. मग तिनं चहाचा कप खाली ठेवून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "त्यानंच केलं. इथे सगळ्यांना माहीत आहे." सोमवारी ऑफिसात क्लायंटकडच्या एका टेस्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "त्याला अडकवलाय. इथे सगळ्यांना माहीत आहे."

गंमत बघा, दोघांनाही माहीत होतं!

तर गोष्ट अशी. ७ ऑगस्ट १९८५ ची पहाट. गोल्डहँगरमध्ये एकटा राहणारा चोवीस वर्षांचा जेरेमी बँबर चेम्सफर्डच्या पोलिसांना फोन करतो. म्हणतो, आत्ता वडिलांचा फोन आला होता. बहीण शीला बिथरलीय, तिनं बंदूक घेतलीय, एवढंच बोलले आणि फोन बंद झाला. वडिलांचं घर म्हणजे व्हाइट हाउस फार्म, तिथून साडेतीनेक मैलांवर, टॉलसहंट डार्सी गावाजवळ. पोलीस जातात. घर आतून बंद. बाहेर तासन्‌तास थांबून सकाळी साडेसातच्या सुमारास मागचं दार फोडून आत शिरतात. आत पाच प्रेतं. वडील नेव्हिल स्वयंपाकघरात, आई जून आणि अठ्ठावीस वर्षांची शीला वर बेडरूममध्ये, आणि शीलाची सहा वर्षांची जुळी मुलं, निकोलस आणि डॅनियल, आपापल्या बिछान्यात. पंचवीस गोळ्या झाडलेल्या. पॉइंट टू-टू ची अर्धस्वयंचलित रायफल शीलाच्या अंगावर. तिच्या गळ्यात दोन गोळ्या.

जेरेमी आणि शीला दोघंही दत्तक. शीलाला स्किझोफ्रेनिया होता, त्याच वर्षी मार्चमध्ये ती मनोरुग्णालयात राहून आली होती. पोलिसांना चित्र स्वच्छ दिसलं: मुलीनं सगळ्यांना मारलं आणि मग स्वतःला. घरातल्या लोकांच्या भावना म्हणून रक्तानं भरलेले गालिचे, बिछाने पोलिसांनीच जाळून टाकले. नेव्हिल, जून आणि शीला यांच्या प्रेतांचं दहन झालं. म्हणजे केस क्लोज करून कुणीतरी लॉग डिलीट केले म्हणा ना.

मग महिनाभरात चित्र उलटं झालं. तीन दिवसांनी, १० ऑगस्टला, नातेवाइकांना बंदुकांच्या कपाटात सायलेन्सर सापडला. तो नंतर पोलिसांनी नेला. त्यावर लाल रंगाचे कण, आणि पुढे प्रयोगशाळेत आत मिळालेलं रक्त शीलाच्या गटाशी जुळणारं. मुद्दा असा की सायलेन्सर लावला तर रायफल इतकी लांब होते की शीलाचा हात घोड्यापर्यंत पोचूच शकत नाही. आणि स्वतःला मारून घेतल्यावर सायलेन्सर काढून कपाटात नेऊन ठेवायला ती काही उठणार नाही. सप्टेंबरमध्ये जेरेमीची मैत्रीण, प्रेमभंगानंतर, पोलिसांकडे गेली आणि तो कित्येक महिने घरच्यांना मारायच्या गोष्टी करत होता असं तिनं सांगितलं. सप्टेंबरअखेर तो सुट्टीहून परतताना डोव्हरला पकडला गेला. हेतू म्हणून इस्टेट होतीच, सव्वाचार लाख पाउंडांच्या वर रोकड-मालमत्ता आणि शेती. आदल्या मार्चमध्ये घरच्याच कॅरव्हॅन पार्कच्या ऑफिसातून त्यानं हजारेक पाउंड चोरले होते, तेही कबूल केलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये चेम्सफर्डच्या क्राउन कोर्टात, म्हणजे मी ज्या गावात डबे भरत होतो तिथेच, ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. दहा विरुद्ध दोन.

दहा विरुद्ध दोन. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटी आठवतो. १९५९ साली मुंबईत आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष', न्यायाधीशानं ते उचलून हायकोर्टाकडे पाठवलं, आणि मग जन्मठेप. पुढे ज्यूरीच गेली. इंग्लंडमध्ये १९६७ पासून बाराही जणांचं एकमत लागत नाही, दहा पुरतात. त्या दोघांचं काय झालं असेल असं मला नेहमी वाटतं. तिथला कायदा ज्यूरीच्या खोलीतलं बाहेर बोलू देत नाही. म्हणजे ते दोघं आयुष्यभर गप्प. माल्डनच्या बाजारात भाजी घेताना कुणी म्हणालं, त्यानंच केलं, तर मान हलवायची.

त्या वेळी मी यात फार खोल गेलो नाही. प्रोजेक्ट संपला, मी परत आलो, लग्न, होम लोन, असो. २०२० च्या जानेवारीत आयटीव्हीवर 'व्हाइट हाउस फार्म' नावाची सहा भागांची मालिका आली. ती मी लॉकडाऊनमध्ये बघितली, आणि तिथले बांध बघून घर आठवावं तसं चेम्सफर्ड आठवलं. मग २००२ च्या अपील कोर्टाचं निकालपत्र वाचायला घेतलं. पाचशे बावीस परिच्छेद. बायको म्हणाली, "अरे, ऑफिसचे स्पेक्स तर तू इतके नीट वाचत नाहीस." खरं आहे.

पण प्रोग्रामिंग करणाऱ्या माणसाला हे प्रकरण का चावतं सांगतो. त्यात एक विचित्र सोय आहे. नेहमीच्या खुनात संशयित शंभर असू शकतात. इथे दोनच. घर आतून बंद, आणि जेरेमीनं सांगितलेला तो फोन. फोन खरा आला असेल तर शीलानं केलं. फोन आलाच नसेल, तर तो खोटा सांगायला जेरेमीकडे एकच कारण असू शकतं. चोर-दरोडेखोर, तिसरा कोणी, हे सगळे दरवाजे त्याच्याच वाक्यानं बंद केले. न्यायाधीशानंही ज्यूरीला साधारण असंच सांगितलं होतं की तीन प्रश्न बघा: मैत्रिणीवर विश्वास बसतो का, शीला खुनी नव्हती याची खात्री आहे का, आणि तो फोन आला होता का. एक बिट. शून्य की एक. आणि नेमकी त्या बिटाची नोंद कुठेच नाही, कारण त्या काळात तिथे लोकल कॉलचा हिशेब नंबरवार ठेवत नसत.

ज्याची नोंद आहे त्याची तऱ्हा बघा. जेरेमीचा फोन ज्या पोलिसानं घेतला त्यानं वेळ लिहिली ३:३६. त्यानं पुढे मुख्यालयात निरोप दिला, तिथल्या माणसानं लिहिली ३:२६. म्हणजे निरोप पोचला आधी आणि मिळाला नंतर! शिवाय पहिली गाडी ३:३५ ला निघालेली. कोर्टात उत्तर असं की पहिल्या पोलिसानं डिजिटल घड्याळ वाचताना चूक केली. शक्य आहे. पहाटे साडेतीनला मी दोनाचे तीन आणि तीनाचे दोन हजार वेळा वाचलेत. पण बँबरचे वकील नंतर म्हणू लागले की चूक नाहीच, हे दोन वेगळे फोन आहेत, ३:२६ चा बापानं स्वतः पोलिसांना केलेला. त्या कागदावरचा मजकूर बापाच्या तोंडचा असल्यासारखा आहेही, मुलीनं 'माझी' बंदूक घेतलीय अशा थाटाचा. पण त्याच कागदावर हा निरोप मुलाकडून आला अशीही ओळ आहे. एकच कागद. तुम्हाला जे दिसायला हवं ते दिसतं. आणखी एक नोंद ५:२५ ची, शस्त्रधारी तुकडी घरातल्या कुणाशी तरी बोलतेय अशी. त्यावर खुलासा असा की पोलीस भोंग्यावरून ओरडत होते, आतून उत्तर आलंच नाही, लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं. हेही शक्य आहे. सपोर्टच्या तिकिटात 'कस्टमरशी बोलणं चालू आहे' म्हणजे प्रत्यक्षात कस्टमर फोन उचलत नाहीये, हे मी किती वेळा बघितलंय.

आणि तो सायलेन्सर! नातेवाइकांना सापडला, आणि बँबर दोषी ठरला तर इस्टेट ज्यांच्या बाजूला जाणार होती तेच हे नातेवाईक. म्हणून त्यांनी काही केलं असं मी अजिबात म्हणत नाही, पण प्रश्न तर येतोच. त्याला चिकटलेला एक करडा केस प्रयोगशाळेत पोचण्याआधी हरवला. पुरावा म्हणून त्याचं नाव आधी एसबीजे-१, मग डीबी-१, मग डीआरबी-१. कारण काय तर पुरावा सापडणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं लावायची पद्धत, आणि तीच आद्याक्षरं असलेला आणखी एक जण निघाला. आमच्या भाषेत, प्रायमरी की धडकली म्हणून रिनेम केलं, हिस्टरी न ठेवता. बचाव पक्ष म्हणतो सायलेन्सर दोन होते. २००२ मध्ये डीएनए करून बघितला तर आईचा असावा, कुणा पुरुषाचा असावा, शीलाचा असेलही किंवा नसेलही. एव्हाना तो इतक्या हातांतून गेलेला की कोर्टानं म्हटलं यातून काहीच सिद्ध होत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, अरे मग तो निर्दोषच की. थांबा. मीही रात्री दोन वाजता तसंच म्हणालो होतो.

शीलाच्या पायांना, हातांना बघा. अनवाणी पाय स्वच्छ. नखं लांब, पॉलिश केलेली, शाबूत. दहा गोळ्यांचं मॅगझिन, पंचवीस गोळ्या, म्हणजे किमान दोनदा एकेक गोळी हातानं भरायची, आणि तिच्या हातांवर शिशाचा अंश नगण्य. सहा फूट चार इंचाच्या नेव्हिलला स्वयंपाकघरात रायफलच्या दस्त्यानं अमानुष मारलेलं, झटापटीत सामान उलथंपालथं, दिवा फुटलेला. ती सडपातळ मुलगी हे करते आणि अंगावर खरचटत नाही? जेरेमीनं इमर्जन्सीचा ९९९ न लावता डिरेक्टरीत चौकीचा नंबर शोधला. मग गाडी इतकी हळू चालवली की पोलिसांनी त्याला वाटेत ओलांडलं. २००२ च्या न्यायाधीशांनी शेवटी लिहिलंय त्याचा मथितार्थ असा की आम्ही जितके खोलात गेलो तितकी ज्यूरी बरोबर असण्याची शक्यता वाढतच गेली.

मला विचाराल तर, त्यानंच केलं असावं असं मला वाटतं. 'असावं'. दहा ठिकाणी टेकू लावलेल्या भिंतीसारखा तो पुरावा आहे, दोन टेकू काढले तरी पडत नाही, पण आत जाऊन राहावंसं वाटत नाही. त्या खोलीत बारांतला एक मी असतो तर मला दहांत हात वर करता आला नसता. त्याला १९९४ मध्ये गृहमंत्र्यांनी 'आयुष्य संपेपर्यंत' असा शेरा मारला. बर्मिंगहॅमला एक आयोग आहे, शंकास्पद शिक्षा पुन्हा तपासणारा. त्यानं २००१ मध्ये प्रकरण अपील कोर्टाकडे पाठवलं होतं, २०१२ मध्ये पुन्हा पाठवायला नकार दिला, २०२१ मध्ये नवा अर्ज गेला. २०२५ साली तुरुंगात चाळीस वर्षं झाली. तो अजूनही नाही म्हणतो.

आता मी हे सगळं का लिहितोय ते. गेले तीन शनिवार लिहायला बसलो आणि इथपर्यंत येऊन लॅपटॉप मिटला.

२००८. परत आल्यावर मी पुण्यात एका प्रोजेक्टवर लीड होतो. कंपनीचं नाव राहू द्या. एका शनिवारी रात्री क्लायंटच्या प्रॉडक्शन डेटाबेसमधून ग्राहकांच्या टेबलातल्या बऱ्याच ओळी उडाल्या. बॅकअप होता, सोमवार दुपारपर्यंत सगळं परत आलं, पण मधला दीड दिवस तिकडे बोंबाबोंब. प्रॉडक्शनचा पासवर्ड दोघांकडे. एक मी. दुसरा टीममधला सर्वात ज्युनिअर पोरगा, सोलापूरकडचा, नोकरीला आठ महिने झालेला. दोघंही एकाच मधल्या मशीनवरून, एकाच कॉमन आयडीनं आत जायचो. (माहीत आहे, माहीत आहे. २००८ होतं.) लॉगिनची नोंद ठेवायचं सेटिंग डेटाबेसवर बंद होतं. फक्त डिलीट कधी झालं ते होतं: ११:५२.

व्हीपीएनचा लॉग मागवला. मी ११:४० ला बाहेर. तो ११:४५ ला आत. झालं. दोन संशयित, एक वेळ, प्रश्न सुटला. रूट कॉज अ‍ॅनालिसिसचा रिपोर्ट मी लिहिला. हो, मीच. लीड होतो ना.

त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सर, मी फक्त रिपोर्ट काढला. डिलीट मी नाही मारलं." दोनदा. रडला नाही, चिडला नाही. बाहेर जाऊन कँटीनमध्ये बसून त्यानं वडापाव खाल्ला. आमच्या मॅनेजरनं काचेतून बघितलं आणि मला म्हणाला, "बघ, काही फरक पडतोय का याला!" मीही मान डोलावली. बँबरबद्दलही असंच म्हणतात ना, अंत्यविधीला रडला आणि लगेच मजा मारायला निघाला. निष्पाप माणसानं नेमका किती वेळ उपाशी राहायचं, हे कुणी ठरवून दिलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला काढलं नाही. कन्फर्मेशन पुढे ढकललं, मग बेंचवर बसवलं. मंदी होती, बेंचवर बसवणं म्हणजे काय हे त्या वर्षी नोकरीत असणाऱ्यांना सांगायला नको. तीन महिन्यांत त्यानंच राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले, मलाही. "येतो सर."

त्यानंतर महिनाभरात दुसऱ्याच कुठल्या तरी बगच्या मागे लागलो असताना डेटाबेस सर्व्हरवर वेळ बघितली आणि हातावरचं घड्याळ बघितलं. सर्व्हर सतरा मिनिटं पुढे होता. कुणी तरी वेळ सिंक करणारी सर्व्हिस बंद करून ठेवली होती, कधीपासून ते कळायला मार्ग नाही. मी ती चालू केली. घड्याळ बरोबर झालं. तिकिटावर एक ओळ लिहिली, 'सर्व्हर टाइम करेक्टेड', आणि जेवायला गेलो.

गणित तेव्हाच केलं होतं की नंतर, हे मला प्रामाणिकपणे आठवत नाही. पण गणित सोपं आहे. घड्याळ त्या रात्रीही सतरा मिनिटं पुढे असेल, तर ११:५२ म्हणजे ११:३५. ११:३५ ला आत मी होतो. त्या रात्री मी एक जुन्या टेस्ट नोंदी साफ करायची स्क्रिप्ट चालवली होती. टेस्टच्या मशीनवर. टेस्टच्याच मशीनवर चालवली असं मला पक्कं वाटतं. दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या.

आणि त्या रात्री घड्याळ बरोबर असेल, तर त्यानंच केलं.

इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या पाचशे बावीस परिच्छेदांत दहा मिनिटांच्या फरकाशी पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि मला पुढचं वाचता येईना. बायको पाणी प्यायला उठली, "काय झालं?" म्हणाली. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तू तेव्हाच कुणाला तरी सांगायला हवं होतंस."

"काय सांगणार? सिद्ध काहीच होत नाही."

"तेच सांगायचं की, सिद्ध काहीच होत नाही म्हणून."

तरी मी पुढची काही वर्षं काढलीच. माणूस किती सहज काढू शकतो बघा. गेल्या महिन्यात बँबरबद्दल पुन्हा कुठे तरी वाचलं आणि त्या पोराला लिंक्डइनवर शोधला. सापडला. पोरगा कसला, आता चाळिशीला टेकलाय, कपाळ मोठं झालंय, बंगलोरला आहे, हाताखाली बरीच माणसं आहेत. म्हणजे त्याचं वाईट काही झालं नाही, असं मनात आलं आणि त्याच क्षणी स्वतःचा राग आला.

मेसेज चार वेळा लिहिला. पहिल्यात माफी होती, पण कशाची ते लिहिताना वाक्य पुढे जाईना. दुसरा एवढा तांत्रिक झाला की आरसीएच वाटला. शेवटी इतकंच लिहिलं: त्या रात्रीच्या लॉगवरून तूच केलंस असं ठरत नव्हतं. सर्व्हरचं घड्याळ मला नंतर सतरा मिनिटं पुढे सापडलं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. ११:३५ ला आत मी होतो.

गुरुवारी रात्री पाठवला. शुक्रवारी सकाळी बघितलं तर त्यानं वाचलाय. आज शनिवार, दुपारचे चार. अजून उत्तर नाही.